धाकट्याचा डावा डोळा

माझ्या चष्म्याच्या दुकानाला खेटून दोन खुर्च्यांचं सलून आहे. ते दोघे भाऊ चालवायचे. गिऱ्हाइकं त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायची, मीही तेच म्हणत आलो. दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. भिंतभर एकच आरसा, त्याच्यापुढे दाराजवळची खुर्ची थोरल्याची आणि आतली धाकट्याची.

थोरला मोजकं बोलायचा. त्याच्या खुर्चीतून माणूस उठला की केस नीट कापलेले असायचे, बाकी काही घडलेलं नसायचं. धाकट्याकडे मात्र लोक केस फारसे वाढले नसले तरी यायचे. तो नकला करायचा. आवाजाच्या तर करायचाच, पण खरी कमाल चेहऱ्याची. एखादं गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं की हा कंगवा हातात धरून आरशात बघायचा, आणि गेलेला माणूस आरशात परत यायचा. टकलावरून हात फिरवत 'मागून जरा बेताने' म्हणणारा बँकेतला साहेब. शिंक येणार म्हणून तोंड उघडून थांबणारे आणि शेवटी न शिंकणारे मास्तर. काच उजेडाकडे धरून एक डोळा मिटणारा मी. माझी नक्कल तो करतो हे मला कितीतरी दिवस कुणी सांगितलंच नव्हतं. कळल्यावर मी मुद्दाम करून दाखवायला लावली. घरी जाऊन पाहिलं, तर मी खरंच तसा दिसत होतो.

थोरला अशा वेळी हसायचा नाही, पण त्याची कात्री मंदावायची. एकदा मला म्हणाला, "कात्री दोघांकडे आहे. तोंड त्या एकट्याकडे. गिऱ्हाईक तोंडावर येतं."

पुढे जे झालं त्यातलं काही मी पाहिलं. बरंचसं धाकट्यानंच मला सांगितलं, तेही एका बैठकीत नाही.

सुरुवात कानापासून झाली. डाव्या कानामागे ठणका लागला. अंघोळीचं पाणी गेलं असेल म्हणून त्यानं कापसाचा बोळा घातला आणि कामाला आला. मग आवाज मोठे वाटायला लागले. केस कापायचं मशीन चालू केलं की कवटीत भुंगा सोडल्यासारखं व्हायचं. रस्त्यावर कुणी डबा आपटला तरी तो दचकायचा, आणि थोरला म्हणायचा, "हात हलवू नकोस, वस्तरा आहे हातात."

अशातच एका सकाळी त्यानं चूळ भरली, आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळून गेलं. परत भरली, परत गळालं. त्याची बायको दारात टॉवेल घेऊन उभी होती. ती हसली. म्हणाली, "आज सकाळी सकाळी कुणाची नक्कल?"

"नक्कल नाही गं," तो म्हणाला. पण ओठ सगळे उजवीकडे ओढले जात होते आणि शब्द वाऱ्यावर उडाल्यासारखे येत होते. तिला वाटलं, हाही नकलेतलाच भाग. ती आणखी हसली. "पुरे आता, चहा निवतोय."

चहाला पत्र्याच्या चमच्याची चव होती. त्यानं निम्मा ठेवून दिला आणि दुकानात आला. पहिलं गिऱ्हाईक बँकेतला साहेबच होता. तो तर पोट धरून हसला. "हा कोण? हा नवीन दिसतोय," म्हणाला. धाकटा मला नंतर म्हणाला, "तुम्हाला सांगतो, त्या वेळी मलाही क्षणभर वाटलं, की मीच करतोय. थांबवलं की थांबेल."

थोरल्यानं आरशात पाहिलं आणि त्याची कात्री थांबली. तो हसणाऱ्यांतला नव्हताच, पण या खेपेला त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वडिलांचं तोंड एका सकाळी असंच वाकडं झालं होतं. अंगावरून वारं गेलं, वाचा गेली. तेव्हा थोरल्यानंच त्यांना उचलून इस्पितळात नेलं होतं आणि परत आणलं ते चादरीत.

"दोन्ही हात वर कर," थोरला म्हणाला.

धाकट्यानं केले.

"माझ्याकडे चालत ये. माझं नाव सांग."

"दादा."

"नाव विचारतोय."

"तुझं नाव मी जन्मात कधी घेतलंय का?"

हातपाय चालत होते, डोकं जागेवर होतं. थोरल्यानं खुर्चीवरच्या माणसाचे केस पुरे केले, हात धुतले आणि भावाला घेऊन बाहेर पडला. मला वाटलं, डॉक्टरकडे निघाले. ते गेले भाजीबाजाराच्या मागे राहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. तो अंग चोळून द्यायचा. त्यानं गालाला हात लावून सांगितलं, "गारठा बसलाय. चोळून काढू." गरम तेल, गरम कापडाचा शेक, रोज संध्याकाळी. थोरला स्वतः सोबत जायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा, आणि येताना विचारायचा, "आज जरा सैल वाटतंय ना?" धाकटा म्हणायचा, "हो, जरा." वाटत काहीच नव्हतं. पण दादाचा चेहरा बघून नाही म्हणवत नव्हतं.

या सगळ्यात आठवडा गेला. डावा डोळा मिटेना. झोपेतही अर्धा उघडा. बुबुळ वर जाऊन नुसता पांढरा भाग दिसायचा आणि ते पाहून बायको दचकून उठायची. डोळा लाल झाला, टोचायला लागला. शेवटी तिनं जाऊबाईंना विचारलं नाही, थोरल्या दिरांनाही नाही. नवऱ्याला रिक्षात घातलं आणि नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

त्या बाई पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या, पण समोरच्याला समजेपर्यंत सांगणाऱ्या. त्यांनी पहिल्यांदा एवढंच सांगितलं, "भुवया वर करा. कपाळाला आठ्या पाडा."

उजव्या बाजूला आठ्या पडल्या. डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट राहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "हे वारं नाही. मेंदू ठीक आहे."

धाकट्याला विश्वास बसेना. "कपाळावरून कसं कळतं?"

"कपाळाला हुकूम मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून येतो. वारं जातं तेव्हा मेंदूची एक बाजू बंद पडते, पण कपाळाचं काम दुसरी बाजू सांभाळून घेते. ओठ वाकडा होतो, आठ्या पडतात. तुमच्या आठ्याही गेल्या. म्हणजे हुकूम मेंदूतून नीट निघतोय, वाटेत अडकतोय." त्यांनी त्याच्या कानामागच्या हाडावर बोट टेकवलं. "इथे."

मग त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. आत बारीक फोड होते. "लहानपणी कांजण्या आल्या होत्या?" आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कांजण्या जातात, पण त्यांचा विषाणू पूर्ण जात नाही. नसेच्या मुळाशी झोपून राहतो. वर्षानुवर्षं. कधीतरी जागा होतो. मग नस सुजते. बाकी अंगात नस सुजली तर फुगायला जागा असते. ही नस कानामागच्या हाडातल्या बोगद्यातून येते, आणि बोगदा तिच्याच मापाचा. फुगली की स्वतःच चेंगरते."

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. दिसायला नस एकच, जाड दोऱ्याएवढी. पण आत हजारो धागे. काही ओठाला जातात, काही पापणीला, काही कपाळाला. काहींचा चेहऱ्याशी संबंधच नाही: एक जुडगा जिभेवरची चव मेंदूला कळवतो, एक तोंडात लाळ सोडायला सांगतो, एक डोळ्यात पाणी आणायला. कानातल्या एका चिमुकल्या स्नायूलाही तीच नस हुकूम देते, मोठा आवाज आला की आतलं बारीक हाड आवळून धरायला. म्हणून मशीनचा भुंगा झाला होता, म्हणून चहाला पत्र्याची चव होती.

"परत येईल ना?" बायकोनं विचारलं.

"कधी सुरू झालं?"

धाकट्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू झालं असतं तर सूज लवकर उतरवता आली असती. आता देते, पण आतले बरेच धागे तुटलेत असं वाटतंय. ते मुळापासून परत फुटतात. फार हळू वाढतात." त्याचा धंदा त्यांना माहीत होता, म्हणून त्या म्हणाल्या, "डोक्यावरचे केस महिन्याला जेवढे वाढतात त्याच्या साधारण तिप्पट."

ते ऐकून धाकट्याला बरं वाटलं. तिप्पट म्हणजे काही कमी नाही, असा त्यानं हिशेब केला.

बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला, "उशीर झाला ते दादाला कळता कामा नये." ती म्हणाली, "मी कशाला सांगते?" पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी ते जाऊबाईंना कळलं आणि तिसऱ्या दिवशी थोरल्याला. 

दुकानात आता नवीनच अडचण आली. डोळा मिटत नाही म्हटल्यावर कापलेले बारीक केस उडून थेट त्यात जायचे. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले होते आणि झोपताना पापणी चिकटपट्टीनं बंद करायला सांगितलं होतं, पण दिवसा काय करणार? मी त्याला साध्या काचांचा चष्मा करून दिला, डाव्या बाजूला प्लास्टिकची पट्टी वळवून बसवली, गालाला टेकेल अशी. तो चष्मा घालून त्यानं आरशात पाहिलं आणि म्हणाला, "घोड्याला झापड लावतात तसं झालं." हसायला गेला, तर अर्धाच चेहरा हसला. उरलेला अर्धा तसाच लोंबत राहिला. त्यानं पटकन तोंड फिरवलं.

सलूनवाल्याला तोंड फिरवून कुठे जायचं? सकाळी शटर वर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत तो आरशासमोर उभा. खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यावर त्याचाच चेहरा. इतरांना आपला चेहरा दिवसातून एकदा-दोनदा दिसतो. याला दिवसभर दिसायचा. गिऱ्हाइकं पहिले काही दिवस विचारपूस करायची, मग वर्तमानपत्र उघडून धरायला लागली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. 'आज थोरल्याकडेच करतो' म्हणून लोक दाराजवळच्या बाकावर ताटकळत बसायचे आणि आतली खुर्ची रिकामी.

एके दिवशी थोरला म्हणाला, "काही दिवस तू मागच्या खोलीत बस. टॉवेल धू, हत्यारांना धार लाव. डोळ्यात केस जातात."

"चष्मा आहे."

"तरी जातात."

"गिऱ्हाईक तुटतं म्हणून सांगतोयस का? तसं सांग."

थोरला कात्री पुसत राहिला.

"माझं तोंड बघवत नाही तुला?"

"नाही बघवत," थोरला म्हणाला.

मी त्या वेळी माझ्या दुकानाच्या पायरीवर होतो. मला शब्द नीट ऐकू आले. धाकट्यानं अंगावरचा कामाचा कोट काढून खुंटीला लावला, चष्मा खिशात घातला आणि निघून गेला. थोरल्यानं हाक मारली नाही. धाकट्याला ते वाक्य जसं लागायचं तसं लागलं. त्या वाक्याला दुसरा अर्थ असेल हे तेव्हा मलाही सुचलं नाही.

तो घरी बसला. बायको कपड्यांना काजं-बटणं करून देण्याचं काम करायची, ते तिनं वाढवलं. हा तिच्या समोर बसून हातातल्या छोट्या आरशात तोंडाचे व्यायाम करायचा: ओ, ई, ऊ, गाल फुगवणं, नाक मुरडणं. ज्यानं अख्ख्या गल्लीचे चेहरे आरशात उभे केले त्याला स्वतःचं नाक मुरडता येईना. बायको सुईवरून नजर वर करायची नाही. कधीतरी म्हणायची, "आज कोपरा जरा वर गेला बघा." तो म्हणायचा, "तू बघितलंस कधी?"

मधल्या काळात तो माझ्याकडे यायचा, सलूनच्या बाजूनं नाही, मागच्या बोळातून. बसायचा, गप्प राहायचा. एवढा बोलका माणूस इतका गप्प बसलेला पाहून माझ्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा जोरात वाजतंय असं मला वाटायचं.

काही महिन्यांनी डाव्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी फडफडलं. मग गालात. पापणी खाली यायला लागली. जिभेवर हळूहळू मीठ कळायला लागलं. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण चेहरा परत आला तो वेगळाच होऊन. ओठ हलवायला जावं तर डोळा मिटायचा. डोळा मिटायला जावं तर ओठाचा कोपरा वर ओढला जायचा. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्यासारख्या. आणि एकदा दुपारी जेवताना डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. एक थेंब, दुसरा, मग धारच. बायकोनं घास खाली ठेवला. "काय झालं? काय आठवलं?" त्याला काहीच आठवलं नव्हतं. त्यानं डोळा पुसला, घास घेतला, परत पाणी. ताट बाजूला सारलं तेव्हा थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि मान हलवली. त्यांना हे नवीन नव्हतं.

"धागे परत वाढले," त्या म्हणाल्या, "पण तुटलेल्या जागी प्रत्येकाला आपली जुनी नळी सापडतेच असं नाही. शेजारच्याच्या नळीत शिरतो. ओठाचा धागा पापणीला जाऊन मिळतो. तुमच्या लाळेचे काही धागे अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन मिळालेत. तुम्ही घास घेता, मेंदू म्हणतो लाळ सोड, आणि डोळ्यात पाणी येतं. मेंदूला पत्ताच नाही. त्याला वाटतं, त्याचं काम झालं."

"याला नाव काय?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मगरीचे अश्रू म्हणतात. नाव आम्ही ठेवलेलं नाही, जुनं आहे."

"आता ते धागे परत फिरतील?"

"नाही. पाणी कमी करणारं इंजेक्शन मिळतं, पण त्याचा गुण ओसरला की परत घ्यावं लागतं. चेहरा मात्र आता साधारण असाच राहील."

घरी येताना तो बायकोला म्हणाला, "अर्ध्या तोंडानं रडायची सोय झाली, हसायची गेली." तिनं त्याचा हात धरला. रिक्षा थांबेपर्यंत धरूनच होती.

दोन भावांचं बोलणं अजून बंदच होतं. थोरल्याच्या बायकोला ते असह्य झालं. ती स्वतः धाकट्याकडे आली आणि दारातूनच म्हणाली, "उद्या दोघं जेवायला या. का म्हणून विचारू नका, येत नाही असंही म्हणू नका."

"वहिनी, दादाला चालेल?"

"घर माझं आहे, भात माझा आहे. त्यांना चालवीन मी."

दुसऱ्या दिवशी चौघं जेवायला बसले. थोरला ताटाकडे बघत होता. नुसते वाढण्याचे आवाज येत होते. धाकट्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि डाव्या डोळ्यातून पाणी गालावर उतरलं. हनुवटीवरून ताटात पडलं.

थोरल्यानं वर पाहिलं. त्याचा हात हवेतच राहिला.

"तुला मी नेलं त्या म्हाताऱ्याकडे," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "डॉक्टरकडे न्यायला घाबरलो मी. बाबांना नेलं आणि ते परत आले नाहीत. मला वाटलं, तुलाही इस्पितळाची पायरी चढवली तर... म्हणून बाहेरच्या बाहेर बरं करायला गेलो. तुझं तोंड बघितलं की मला तो उशीर दिसतो. म्हणून म्हणालो बघवत नाही. आणि तू इथं माझ्या घरात बसून रडतोयस आणि तरी मला काही बोलत नाहीस."

एवढं बोलून थोरला रडायला लागला. वडील गेले तेव्हाही त्याला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

"खरं सांगू का," धाकटा मला म्हणाला, "त्या वेळी माझ्या मनात एवढंच होतं की भाजीत मीठ कमी आहे. रडू वगैरे काही नव्हतं. माझ्या बायकोनं सांगायला तोंड उघडलं होतं. मी तिच्या पायावर पाय दिला. सांगितलं असतं तर दादाला बोललेलं सगळं परत गिळावं लागलं असतं."

तिनंही, आयुष्यात पहिल्यांदा, ती गोष्ट पोटात ठेवली.

आणि धाकटा दुकानात परत आला. आतली खुर्ची त्याची त्याला मिळाली. आता तो केस कापायचा आणि जेवढ्यास तेवढं बोलायचा. नकला अर्थातच नाहीत. एकदा मास्तरांनी आग्रह केला म्हणून त्यानं बँकेतल्या साहेबाची करून पाहिली. ओठ वळवला तसा डोळा मिटला. माझी केली, तीही तशीच दिसली. जो चेहरा करावा तो एकच निघायचा. मास्तर म्हणाले, "वा, तोच तो," आणि वर्तमानपत्र उघडलं.

दुपारचा डबा तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खायचा. पण एका दुपारी मागचा नळ फुटून खोलीत पाणी झालं, म्हणून तो आपल्याच खुर्चीत डबा उघडून बसला. समोर आरसा. थोरला एकाची दाढी करत होता. त्यानं आरशात पाहिलं: भाऊ पाव मोडून खातोय आणि डावा डोळा वाहतोय. उजवा कोरडा. डबा संपला तसा डोळा थांबला. मग कुणीतरी चहा आणून दिला. घोट घेतला तसा परत वाहायला लागला.

थोरल्यानं दाढी पुरी केली, तुरटी फिरवली, गिऱ्हाइकाला उठवलं. दुकान रिकामं झाल्यावर विचारलं, "हे रोज होतं?"

"हो."

"जेवताना?"

"काही तोंडात घातलं की. नसेचं आहे. चुकीच्या जागी जुळलीये."

"त्या दिवशी आमच्याकडे, तेही हेच होतं?"

धाकट्याला खोटं बोलता आलं असतं. त्याच्या चेहऱ्यावरून आता तसंही कुणाला काही कळत नव्हतं. तो म्हणाला, "हो."

थोरल्यानं रिकामी खुर्ची झटकली. संध्याकाळी शटर ओढताना म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाईंकडे मला घेऊन चल."

डॉक्टरीणबाईंनी थोरल्यालाही कागदावर काढून दाखवलं: बोगदा, नस, धागे, लाळेचा कुठे गेला, अश्रूंचा कुठे गेला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग जे विचारायला आला होता ते विचारलं. "आठवडाभर आधी आलो असतो तर हे झालं नसतं?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "लवकर आलेले बरेच जण बरे होतात. काहींचं तरीही हेच होतं."

"पण झालं नसतं, असं होऊ शकलं असतं."

त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं नुसत्या चेहऱ्यानं, नाही म्हणा अशी खूण केली, निदान त्याचा तसा प्रयत्न होता. त्या चेहऱ्यावर खूण उमटली नाही, किंवा बाईंनी ती घेतली नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "होऊ शकलं असतं."

परत येताना थोरला पुढे चालत होता आणि धाकटा मागे. कोपऱ्यावर थोरला थांबला, भाऊ येईपर्यंत थांबून राहिला, आणि मग दोघं बरोबर चालत आले. 

मला वाटलं होतं, कारण कळल्यावर थोरल्याचं ओझं जरा उतरेल. डोळ्यातलं पाणी म्हणजे दुःख नाही, लाळेचा एक धागा वाट चुकलाय, एवढंच. पण त्यानंतर थोरला भावाबरोबर कधी जेवला नाही. दुपारी धाकट्यानं डबा उघडला की हा रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. मी एकदा म्हटलं, "अहो, तुम्हाला आता ठाऊक आहे ना ते कशामुळे होतं?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "डोक्याला ठाऊक आहे. पण ते वाहताना दिसलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. त्याचं काय करू?"

दोनेक वर्षांनी थोरल्याच्या मांड्यांत उभं राहायचं बळ राहिलं नाही, आणि त्यानं काम सोडलं. वयच झालं होतं. दाराजवळच्या खुर्चीवर धाकट्यानं दुसरा कारागीर ठेवला. दुकान चालतं, फार नाही, बरं चालतं. नवीन गिऱ्हाइकांना वाटतं, याचा चेहरा मुळातच असा आहे. त्यांना तो गंभीर स्वभावाचा माणूस वाटतो आणि ते त्याच्यापुढे जपून बोलतात.

सुट्टीच्या दिवशी सकाळी धाकटा हत्यारांची पिशवी घेऊन दादाकडे जातो, त्याची दाढी करायला. मी एकदा सोबत गेलो होतो, वहिनींचा चष्मा द्यायचा होता. थोरला खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, गळ्याला टॉवेल. धाकट्यानं फेस लावला. वस्तरा लावायच्या आधी थोरल्यानं डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. दाढी करणाऱ्याचा चेहरा हातभर अंतरावर असतो.

"वरचा ओठ ताण, दादा," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं ताणला. वस्तरा फिरला. मानेखाली एक जागा राहिली होती, धाकट्यानं बोटानं चाचपून ती पुन्हा केली आणि ओल्या कापडानं तोंड पुसून दिलं. वहिनींनी चहा आणला.

"आत्ताच घेऊन आलो, वहिनी," तो म्हणाला आणि पिशवी आवरली.

चहा त्यानं घेतलेला नव्हता. परत आल्यावर माझ्या दुकानात, आतल्या स्टुलावर बसून, हातात रुमाल धरून त्यानं तो घेतला. मी माझं काचा घासायचं काम चालू ठेवलं.